प्रश्न दामाचा, पण तिजोरी कोणाची?

व्यावसायिक खेळांत महिलांना पुरुषांइतका मोबदला मिळावा की नाही, हा वाद एखादी विश्वचषक स्पर्धा जवळ आली की ठरल्याप्रमाणे पेटतो आणि ठरल्याप्रमाणेच विझतो. एक बाजू म्हणते की घाम तोच, सराव तोच, छातीवरचे निशाणही तेच, मग दाम वेगळा का? दुसरी बाजू विचारते की महिलांचे सामने पाहतो कोण, तिकिटे काढतो कोण, आणि प्रेक्षकच नसतील तर पैसा यायचा कुठून? दोन्ही बाजू बऱ्याच खऱ्या गोष्टी बोलतात आणि तरीही वाद जागचा हलत नाही, कारण 'खेळातला पैसा' ही एकजिनसी वस्तू आहे असे दोघांनीही गृहीत धरलेले असते. टेनिसच्या स्पर्धेतले बक्षीस, राष्ट्रीय संघातल्या खेळाडूचे सामना मानधन आणि क्लबशी झालेला करार या तीन रकमा तीन वेगवेगळ्या तिजोऱ्यांतून, तीन वेगवेगळ्या अधिकारांनी दिल्या जातात. टेनिसचा दाखला देऊन बास्केटबॉलच्या लीगकडे समान पगार मागणारा समर्थक आणि लीगच्या तोट्याचा दाखला देऊन राष्ट्रीय संघातल्या महिलेला कमी मानधन देणे योग्य ठरवणारा विरोधक, हे दोघे एकच चूक उलटसुलट दिशांनी करत असतात.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. पैसे देणारी संस्था जिथे देशाच्या किंवा अखिल खेळाच्या नावाने मक्तेदारी चालवते, तिथे समान मोबदला हा हक्काचा प्रश्न आहे आणि त्यासाठी प्रेक्षकसंख्येची वाट पाहण्याचे कारण नाही. जिथे एकाच स्पर्धेच्या एकाच तिकिटावर पुरुष आणि महिला दोघेही खेळतात, तिथेही तेच. खासगी लीगमध्ये मात्र समान रकमेची मागणी आज टिकणारी नाही. तिथे मागायला हवा तो उत्पन्नातला समान वाटा, आणि त्यासाठी लागणारा उघडा हिशेब.

विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा उत्पन्नाचा आहे आणि त्याला बगल देऊन कोणाचेच भले होत नाही. २०१८ च्या पुरुषांच्या फुटबॉल विश्वचषकात संघांना वाटलेली बक्षीस रक्कम ४० कोटी डॉलर होती. पुढच्याच वर्षी महिलांच्या विश्वचषकात ती ३ कोटी डॉलर होती. तेरापटीहून मोठी ही तफावत केवळ कोणाच्या दुष्टाव्यातून आलेली नाही. पुरुषांच्या स्पर्धेच्या प्रक्षेपण हक्कांतून आणि प्रायोजकांकडून येणारा पैसा खरोखरच कितीतरी अधिक होता. अमेरिकेच्या महिला फुटबॉलपटूंचा खटला तर समर्थकांनी जरा नीट वाचायला हवा. ८ मार्च २०१९ रोजी २८ खेळाडूंनी आपल्याच महासंघावर तो दाखल केला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये लियाँच्या मैदानात त्यांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रेक्षकांनी 'समान वेतन' असा घोष केला. मे २०२० मध्ये मात्र न्यायाधीशांनी वेतनाचा मुख्य दावा फेटाळला. कारण असे की वादाखालच्या वर्षांत महिला संघाला एकूण रक्कमही आणि प्रति सामना सरासरीही पुरुष संघापेक्षा थोडी जास्तच मिळाली होती, शिवाय जोखीम कमी आणि हमी अधिक असा करार त्यांनी वाटाघाटींत स्वतः स्वीकारला होता. ही वस्तुस्थिती घोषणा देणाऱ्यांच्या सोयीची नाही, म्हणून ती सहसा सांगितली जात नाही.

पण ती सरासरी कशी जमली, हेही विचारायला हवे. त्या काळात अमेरिकेच्या महिला संघाने २०१५ आणि २०१९ असे लागोपाठ दोन विश्वचषक जिंकले आणि पुरुष संघ २०१८ च्या विश्वचषकासाठी पात्रसुद्धा ठरला नाही. जगज्जेता संघ आणि स्पर्धेबाहेर राहिलेला संघ यांची प्रति सामना कमाई जवळपास सारखी निघते, याला समानता म्हणायचे असेल तर मग विषमता कशाला म्हणायचे? दर आणि एकूण कमाई यांत फरक असतो. कमी दराने दुप्पट काम करून शेजाऱ्याइतके पैसे मिळवणाऱ्याला 'तुझा दर समान आहे' असे सांगता येत नाही. अखेर फेब्रुवारी २०२२ मध्ये महासंघाने २ कोटी ४० लाख डॉलरवर तडजोड केली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या नव्या कराराने दोन्ही संघांच्या विश्वचषकातल्या बक्षिसाची रक्कम एकत्र करून दोघांत सारखी वाटण्याचे ठरले. म्हणजे न्यायालयात हरलेला मुद्दा वाटाघाटीच्या टेबलावर जिंकला गेला. तो जिंकला जाण्यामागे एक लाजिरवाणा प्रसंगही होता. मार्च २०२० मध्ये महासंघाच्या वकिलांनी कागदोपत्री असा युक्तिवाद केला की पुरुष खेळाडूच्या कामाला अधिक कौशल्य आणि अधिक जबाबदारी लागते. त्यावर इतका गदारोळ झाला की महासंघाच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. उत्पन्नाचा मुद्दा पुरेसा बळकट होता तर कौशल्याचा मुद्दा उकरून काढण्याची गरज का भासली, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही.

आता बाजाराकडे वळू. 'प्रेक्षक ज्याला पाहतात त्याला पैसा मिळतो' हे वाक्य निसर्गनियमासारखे उच्चारले जाते. पण महिलांच्या खेळाला प्रेक्षक नव्हते, की असलेले प्रेक्षक काढून घेतले गेले? २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर 'डिक, कर लेडीज' आणि 'सेंट हेलेन्स' या दोन महिला संघांचा सामना झाला, तेव्हा आत सुमारे ५३ हजार प्रेक्षक होते आणि जागेअभावी हजारो लोक परत गेले. वर्षभराच्या आत, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांसाठी अगदी अयोग्य असल्याचे जाहीर केले आणि आपल्या सदस्य क्लबांची मैदाने महिलांच्या सामन्यांसाठी बंद केली. ही बंदी सुमारे अर्धशतक टिकली. पश्चिम जर्मनीच्या महासंघाची बंदी १९५५ पासून १९७० पर्यंत होती. ब्राझीलमध्ये तर १९४१ ते १९७९ अशी जवळपास चार दशके ही मनाई कायद्याने होती. याच दशकांत पुरुषांच्या क्लबांनी आपली मैदाने बांधली, तीन-तीन पिढ्यांची निष्ठा कमावली आणि दूरचित्रवाणी घराघरांत आली तेव्हा तिच्यासाठी तयार माल म्हणून ते उभे राहिले. शर्यतीतल्या एका धावपटूला पन्नास वर्षे खोलीत कोंडून ठेवायचे आणि मग दार उघडून 'बघा, हा किती मागे आहे' असे म्हणायचे, त्यातला हा प्रकार आहे.

इतिहासाचा हा मुद्दा जोरदार असला तरी तो कुठपर्यंत नेता येतो, याचे भान समर्थकांना अनेकदा राहत नाही. १९२१ च्या बंदीमुळे आजच्या एखाद्या खेळाडूचा करार अमुक रकमेचाच असावा, असे सिद्ध होत नाही. तिच्यामुळे सिद्ध होते ते एवढेच की आजची प्रेक्षकसंख्या हा निष्पक्ष निकाल नव्हे आणि ज्या संस्थांनी दारे बंद केली त्यांच्यावरच ती उघडी करण्याची, म्हणजे प्रशिक्षण, मैदाने, वेळापत्रक आणि प्रक्षेपण यांवर खर्च करण्याची जबाबदारी येते. गुंतवणुकीचा दावा आणि पगाराचा दावा हे दोन वेगळे दावे आहेत. पहिला इतिहासातून निघतो. दुसऱ्यासाठी आज पैसे कोण देतो आहे तिकडेच पाहावे लागते.

शिवाय ज्या बाजाराची एवढी दुहाई दिली जाते तो बाजार पुरुषांच्या खेळात तरी कधी मोकळा होता? इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत व्यावसायिक फुटबॉलपटूच्या पगारावर कमाल मर्यादा होती. त्या वर्षी ती उठली तेव्हा आकडा आठवड्याला २० पौंड होता, मग सामन्याला ६० हजार माणसे येवोत की ६ हजार. मर्यादा उठवली तर क्लब बुडतील, असे मालक छातीठोकपणे सांगत होते. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली, मर्यादा गेली आणि लवकरच जॉनी हेन्स या खेळाडूला आठवड्याला १०० पौंड मिळू लागले. क्लब काही बुडाले नाहीत. आजही अमेरिकी लीगमध्ये नवा खेळाडू कोणत्या संघात जाईल हे तो ठरवत नाही आणि क्रिकेटच्या लीगमध्ये लिलावाच्या दिवशी प्रत्येक संघाने किती खर्च करायचा याची मर्यादा आधीच घातलेली असते. खेळातला प्रत्येक पगार हा नियम, करार आणि संघटित दबाव यांतून घडलेला आकडा असतो. पुरुषांनी तो दबाव आणला तेव्हा त्याला कामगारांचा लढा म्हटले गेले. महिला तोच आणतात तेव्हा त्यांना बाजाराचे नियम शिकवले जातात.

या बाजारात आडवे अनुदानही, म्हणजे एकाच्या कमाईतून दुसऱ्याचा खर्च भागवणेही, भरपूर असते, पण ते पुरुषांकडे जात असेपर्यंत कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. क्रिकेटमधले प्रथम श्रेणीचे सामने बहुतेक ठिकाणी रिकाम्या स्टँडसमोर खेळले जातात. त्यांचा खर्च आंतरराष्ट्रीय सामने आणि ट्वेंटी-ट्वेंटी लीग यांच्या उत्पन्नातून निघतो, आणि तो तसा निघावा यात मला काहीच गैर वाटत नाही, कारण तिथूनच उद्याचे खेळाडू येतात. ग्रँड स्लॅमच्या पहिल्या फेरीत एखाद्या कडेच्या कोर्टवर शे-दोनशे लोकांसमोर हरलेल्या पुरुष खेळाडूला मिळणारी रक्कम त्या कोर्टच्या तिकीटविक्रीवर ठरत नाही. पुरुषांच्या फुटबॉल विश्वचषकात गटातच बाद होणाऱ्या छोट्या देशाच्या संघाला तेवढ्याच टप्प्यावर बाद झालेल्या बलाढ्य देशाइतकेच बक्षीस मिळते, दोघांनी आणलेले दूरचित्रवाणीचे प्रेक्षक कितीही भिन्न असोत. 'जेवढे आणले तेवढेच मिळेल' हे सूत्र खेळाने आपल्या पुरुषांना कधीच लावलेले नाही. मग महिलांच्या दारात येताच ते एकदम अटळ कसे होते?

आणि मुळात महिलांनी किती आणले, हे मोजले तरी कुठे गेले होते? २०२३ पर्यंत 'फिफा' महिलांच्या विश्वचषकाचे प्रक्षेपण हक्क पुरुषांच्या हक्कांबरोबर गठ्ठ्यात विकत असे. गठ्ठ्यात विकलेल्या वस्तूची किंमत विक्रेता सांगेल ती. २०२३ साली हे हक्क प्रथमच वेगळे विकायला काढले, तेव्हा फिफाचे अध्यक्ष जानी इन्फान्तिनो यांनी तक्रार केली की महिलांच्या स्पर्धेची प्रेक्षकसंख्या पुरुषांच्या ५० ते ६० टक्के असताना युरोपातल्या मोठ्या देशांतल्या वाहिन्या २० ते १०० पटींनी कमी रक्कम देऊ करत आहेत. इन्फान्तिनो हे काही स्त्रीवादी चळवळीतून आलेले गृहस्थ नव्हेत आणि विक्रेता म्हणून त्यांचा हितसंबंध उघड आहे. त्यांच्या आकड्यांत थोडी अतिशयोक्ती धरली तरीही प्रेक्षक आणि किंमत यांच्यामधली ही दरी 'बाजाराने ठरवले' या दोन शब्दांनी बुजत नाही. अखेर त्याच स्पर्धेतून ५७ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळाले आणि खर्च भरून निघाला, असे फिफानेच नंतर सांगितले. त्या वर्षी बक्षिसाची रक्कम ११ कोटी डॉलर होती. आदल्या वर्षी पुरुषांना ४४ कोटी वाटले गेले होते. तफावत तेरापटींवरून चारपटींवर आली, आणि ती आली ती वाट पाहत बसल्यामुळे नव्हे.

दुसरा आक्षेप क्षमतेचा. महिलांचा राष्ट्रीय संघ शाळकरी मुलांशी हरतो, असे सांगताना २०१७ मधला डॅलसच्या पंधरा वर्षांखालील मुलांच्या संघाचा अमेरिकी महिलांवरचा ५-२ असा विजय हमखास पुढे केला जातो. तो एक अनौपचारिक सराव सामना होता, हे सोडून देऊ. शारीरिक वेग आणि ताकद यांत फरक आहे, हे कोणीही शहाणा माणूस नाकारणार नाही. तो आहे म्हणूनच तर गट वेगळे केले आहेत. पण प्रेक्षक अंतिम वेगासाठी पैसे मोजतो का? मुष्टियुद्धात वेल्टरवेट या कमी वजनाच्या गटाचा उत्तम खेळाडू हेवीवेट गटातल्या साधारण खेळाडूसमोर उभा राहू शकत नाही, आणि तरीही २०१५ मधली मेवेदर आणि पॅकियाओ यांची लढत, जी वेल्टरवेट गटाची होती, मुष्टियुद्धाच्या इतिहासात सर्वाधिक कमाई करणारी ठरली. लोक चुरस पाहायला येतात आणि चुरस तुल्यबळांतच होते. २०२२ च्या वसंतात बार्सिलोनाच्या कॅम्प नूवर महिलांच्या दोन सामन्यांना प्रत्येकी ९१ हजारांहून अधिक लोक आले, आणि २०२० च्या महिला ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला मेलबर्नमध्ये ८६,१७४. यांपैकी किती जणांनी घरी जाऊन कोणता मुलांचा संघ या महिलांना हरवू शकला असता याचा हिशेब केला असेल?

टेनिसवर फार रेंगाळण्याची गरज नाही, कारण तिथला वाद जवळपास संपला आहे. फक्त तो कसा संपला ते पाहण्याजोगे आहे. १९६८ साली विम्बल्डन व्यावसायिकांना खुले झाले तेव्हा पुरुष विजेते रॉड लेव्हर यांना २,००० पौंड मिळाले आणि महिला विजेत्या बिली जीन किंग यांना ७५०. १९७० मध्ये एका स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० आणि महिला विजेतीला १,५०० डॉलर अशी बक्षिसे जाहीर झाली, तेव्हा नऊ महिलांनी एकेका डॉलरच्या करारावर सही करून स्वतःची स्पर्धामालिका उभी केली. १९७३ मध्ये अमेरिकन ओपनने समान बक्षीस दिले. विम्बल्डनला त्यासाठी २००७ साल उजाडावे लागले, म्हणजे चौतीस वर्षे. या चौतीस वर्षांत सतत सांगितले गेलेले कारण एकच: पुरुष पाच सेटचे सामने खेळतात, महिला तीन. मोबदला कामाच्या वेळेवर असावा, हे ऐकायला रास्त आहे. पण मग सरळ तीन सेटमध्ये तासाभरात जिंकणाऱ्या पुरुषाचे पैसे कापले जातात का? आणि रोम, सिनसिनाटी यांसारख्या स्पर्धांत पुरुष आणि महिला दोघेही तीनच सेटचे सामने खेळत असताना तिथे बक्षिसे वर्षानुवर्षे असमान का राहिली? सेट मोजणे हे कारण नव्हते. कारण शोधताना ते हाताशी लागले होते.

आता राष्ट्रीय संघांकडे येऊ, कारण माझ्या मते या वादाचा गाभा तिथे आहे. राष्ट्रीय महासंघ ही दुकानदारी नव्हे. देशाच्या नावाने संघ उतरवण्याचा अधिकार त्या एकाच संस्थेकडे असतो. खेळाडूला दुसऱ्या महासंघाकडे जाऊन चांगला दर मागता येत नाही. ज्याला स्पर्धक नाही त्याने बाजारभावाचे नाव घ्यावे, हे जरा विनोदीच आहे. म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने महिलांचे सामना मानधन पुरुषांइतके केले (कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, ट्वेंटी-ट्वेंटीला ३ लाख रुपये), तेव्हा ते औदार्य नव्हते. न्यूझीलंडने त्याच वर्षी आधीच हे केले होते आणि नॉर्वेच्या फुटबॉल महासंघाने २०१७ मध्ये. नॉर्वेचे उदाहरण मला विशेष वाटते, कारण तिथे पुरुष खेळाडूंनी आपल्या जाहिरात-उत्पन्नातले साडेपाच लाख क्रोनर सोडून ती बरोबरी शक्य केली. 'महिलांना द्यायचे तर कोणाच्या ताटातून काढायचे?' असे जे विचारले जाते, त्याचे एक उत्तर पुरुष खेळाडूंनीच दिलेले आहे.

तरीही भारतीय मंडळाच्या त्या घोषणेचे कौतुक करताना एक हिशेब मांडायला हवा. घोषणेनंतरचे वर्षभर भारतीय महिला संघ एकही कसोटी खेळला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये इंग्लंडविरुद्ध त्याला पहिली कसोटी मिळाली. त्याआधी तर नोव्हेंबर २०१४ ते जून २०२१ अशी साडेसहा वर्षे त्याच्या वाट्याला एकही कसोटी आली नव्हती. ज्या सामन्याचे १५ लाख मिळणार तो सामनाच नसेल तर दराची समानता कागदावर राहते. वार्षिक करारांचेही तसेच: ही घोषणा झाली तेव्हा पुरुषांची सर्वोच्च श्रेणी ७ कोटींची होती आणि महिलांची ५० लाखांची. दर समान करणे हा यातला स्वस्त भाग आहे. श्रेणी आणि काम समान करणे महाग आहे, म्हणून घोषणा नेहमी पहिल्याची होते.

कामगारांच्या इतिहासात हे आधी घडून गेले आहे. १९६८ साली इंग्लंडमध्ये डॅगनमच्या फोर्ड कारखान्यात मोटारींच्या आसनांची आवरणे शिवणाऱ्या स्त्रियांनी संप केला, कारण त्यांचे काम कमी कौशल्याच्या श्रेणीत टाकले होते. सरकार मध्ये पडले, त्यांचा दर पुरुषांच्या दराच्या ९२ टक्क्यांपर्यंत वाढला, आणि या संपामुळे १९७० चा समान वेतन कायदा येण्यास मदत झाली. पण त्यांची मूळ तक्रार श्रेणीची होती, आणि कुशल कामगाराची श्रेणी मिळायला आणखी एक संप आणि १९८४ साल लागले. वाढीव दर त्याच्या सोळा वर्षे आधीच मिळाला होता. खेळातल्या महासंघांना हा इतिहास ठाऊक असो वा नसो, ते त्याच क्रमाने चालले आहेत.

लीगच्या बाबतीत मात्र मी समर्थकांच्या गर्दीतून बाहेर पडतो. २०२४ मध्ये अमेरिकेच्या महिला बास्केटबॉल लीगमध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत कॅटलिन क्लार्क पहिल्या क्रमांकाने निवडली गेली आणि तिचा पहिल्या वर्षाचा मूळ पगार ७६,५३५ डॉलर असल्याचे कळताच संतापाची लाट उसळली, कारण पुरुषांच्या लीगमध्ये याच जागी निवडलेल्या खेळाडूला एक कोटी डॉलरहून अधिक मिळतात. ही तुलना चुकीची आहे. पुरुषांच्या लीगचे सामने अधिक, मैदाने मोठी, प्रक्षेपण करार कैक पटींचा. तो पैसा अस्तित्वात आहे आणि हा अजून नाही. नसलेला पैसा वाटता येत नाही. पण तुलनेचे एकक बदला आणि चित्र पालटते. पुरुषांच्या लीगमध्ये करारात ठरलेल्या उत्पन्नाचा सुमारे निम्मा वाटा खेळाडूंकडे जातो. त्या काळच्या महिलांच्या करारात त्यांचा वाटा त्याच्या जवळपासही नव्हता. इथे 'बाजार' म्हणून सुटता येत नाही, कारण आता आपण उत्पन्नाच्या आकारावर बोलत नसून त्याच्या वाटणीवर बोलत आहोत. जुलै २०२५ च्या ऑल-स्टार सामन्याआधी याच खेळाडूंनी घातलेल्या टी-शर्टवर 'आमचे देणे आम्हाला द्या' अशा अर्थाचे वाक्य होते. पुरुषांइतके द्या, असे त्यावर कुठेही लिहिलेले नव्हते, हे टीकाकारांच्या लक्षातच आले नाही.

लीग तोट्यात असते, मग वाटा कशाचा मागता, असे यावर विचारले जाईल. प्रश्न योग्य आहे. फक्त तो काळाच्या संदर्भात विचारायला हवा. अमेरिकेतली पुरुषांची फुटबॉल लीग १९९६ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या काही वर्षांत तिने कोट्यवधी डॉलर गमावले. २००२ मध्ये दोन संघ बंद करावे लागले. पुरुषांची बास्केटबॉल लीग १९४६ ची. १९८० मध्ये, म्हणजे चौतीस वर्षांनंतर, तिच्या अंतिम मालिकेचा निर्णायक सामना अमेरिकेच्या बहुतेक भागांत थेट दाखवला गेला नाही, रात्री उशिरा त्याची ध्वनिचित्रफीत दाखवण्यात आली. त्या काळात कोणी पुरुषांच्या बास्केटबॉलला भवितव्य नाही असा निष्कर्ष काढला असता तर तो त्या दिवशीच्या आकड्यांना धरूनच असता. महिलांची लीग १९९७ मध्ये खेळू लागली आणि तेव्हापासून दरवर्षी तिचा मृत्युलेख तयार ठेवला जातो. पुरुषांच्या तोट्याला गुंतवणूक म्हणायचे आणि महिलांच्या तोट्याला पुरावा, हा हिशेब कोणत्या शाळेत शिकवतात? उलट जिथे सुरुवातीपासून गंभीरपणे बोली लावली गेली तिथे काय होते, हे २०२३ मध्ये भारतातल्या महिला प्रीमियर लीगने दाखवले: पाच संघ मिळून ४,६६९.९९ कोटी रुपयांना विकले गेले आणि पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांना ९५१ कोटी मिळाले. तो पैसा काही आदल्या रात्री जन्मला नव्हता. त्याला बोली लावण्याची संधी आदल्या दिवसापर्यंत दिली गेली नव्हती.

वाट्याचे तत्त्व व्यवहारात कसे बसते, याचा नमुना २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेटमध्ये दिसला. मंडळ आणि खेळाडू यांच्यातला करार संपून बरेच दिवस पेच राहिला, आणि अखेर जो करार झाला त्यात महिला आणि पुरुष खेळाडू प्रथमच उत्पन्नातल्या वाट्याच्या एकाच व्यवस्थेखाली आले. रकमा समान झाल्या नाहीत. पण खेळाचे उत्पन्न वाढले तर त्यात आपलाही हिस्सा वाढणार, हा हक्क महिलांच्या हातात आला. पुढच्या वाटाघाटी त्यांना दयेच्या भाषेत कराव्या लागणार नव्हत्या.

राहता राहिला वितरणाचा मुद्दा, ज्याकडे दोन्ही बाजूंचे दुर्लक्ष होते. २०२३ च्या फुटबॉल विश्वचषकाआधी फिफाने प्रत्येक महिला खेळाडूला किमान ३० हजार डॉलर मिळतील असे जाहीर केले होते. स्पर्धा सुरू होण्याच्या तोंडावर इन्फान्तिनो यांनी सांगितले की पैसे राष्ट्रीय महासंघांमार्फत जातील आणि पुढची हमी देता येणार नाही. त्याच स्पर्धेच्या आधी जमैकाच्या संघासाठी लोकवर्गणी गोळा केली जात होती आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूंनी मोबदल्याच्या वादातून एका सराव सामन्यावर बहिष्कार घातला होता. २०२७ चा महिला विश्वचषक ब्राझीलमध्ये आहे, आणि तोवर बक्षिसे पुरुषांच्या बरोबरीला आणण्याचे उद्दिष्ट फिफानेच २०२३ मध्ये बोलून दाखवले आहे. ते पुरे झाले तरी त्यातली किती रक्कम थेट खेळाडूच्या खात्यात जमा व्हावी आणि किती महासंघाकडे थांबावी, हे आजच करारात लिहून घ्यायला हवे, आणि पुरुषांच्या करारातही तेच कलम तसेच्या तसे असायला हवे, म्हणजे पुढे त्यावरून नवा वाद घालायला कोणाला जागा उरणार नाही.